झोपाळा रद्द कर

जुळे सोलापूर

यज्ञेश्वर,

देवयानीच्या डोहाळजेवणासाठी सांगितलेला झोपाळा रद्द कर. तुझ्या लेकीच्या बाळाचा मेंदूच तयार झालेला नाही. ते जगणार नाही, असं दोन्ही डॉक्टर म्हणाले. तू मात्र फोनवर म्हणालास, "देवानं दिलंय, देव बघेल." आपल्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरही हेच सांगायच्या. त्यांनाही तुझ्यासारखंच पोट वागवायचं नव्हतं.

गर्भपातासाठी कायद्याला तिची एकटीची सही पुरते. उद्या सकाळी मी तिला दवाखान्यात नेते आहे.

हे पत्र आज तुझ्या हाती पडलं, तर कुर्डुवाडीहून मिळेल ती गाडी पकडशील, तिच्यासमोर रडशील आणि ती माघार घेईल. म्हणून पाठवत नाही.

मघाशी तिने विचारलं, "आत्या, बाबा येतील ना गं?"

"येईल की," म्हणाले.

तेव्हापासून दारात थांबणारी प्रत्येक रिक्षा मीच डोकावून बघते आहे.

तुझी ताई