शेणाचा गॅस आणि कल्लाप्पाचं रंगीत पाणी

खासबाग, बेळगाव
ता. १४ फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप रवळूअण्णांस,

धुरानं डोळे चोळत लिहिणाऱ्या जोतिबाचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? मसूर निघाली का? तुमची बहीण मनू आठ दिवस तुमच्याकडे डोळ्यांना विसावा म्हणून आली आहे (गल्लीत मी असंच सांगितलंय). इकडे मी सुखरूप आहे. भाकरी करपतात, पण सुखरूप आहे.

आमच्या परसातला गोबरगॅस तुम्ही पाहिला होता. सरकारच्याच एका खात्याचा माणूस तीनदा घरी येऊन गळ्यात पडला, म्हणून दोन वर्षांमागं तो बांधला. खाली दोन म्हशींच्या शेणाचा खड्डा, वर लोखंडी टाकी. गॅसनं टाकी पहिल्यांदा वर उचलली तेव्हा मनूनं तिला हळदकुंकू लावलं. चुलीच्या धुरानं बारा महिने लाल असलेले तिचे डोळे दोन महिन्यांत निवळले. सुईत दोरा ती आपली आपण ओवायला लागली. (लग्नाला वीस वर्षं झाली, ते काम माझ्याकडं होतं. सुटका झाल्याचं वाईट वाटलं.)

आता शेजारी कल्लाप्पा. पूर्वी त्याचे चार माग होते, आता सूत रंगवायचा कारखाना आहे. ते पाणी आमच्या दारावरच्या उघड्या गटारातून जातं, सोमवारी लाल, मंगळवारी हिरवं. आमच्या पांढऱ्या कोंबड्यांचे पाय जांभळे झाले. विहिरीच्या पाण्यात धुतलेलं माझं धोतर गुलाबी निघालं, तेव्हा शाळेत हेडमास्तरांनी माझ्या, म्हणजे कारकुनाच्या, टेबलाशी येऊन विचारलं, कुणाचं लग्न? मी कल्लाप्पाला फक्त म्हणालो, "जरा बघा की." तो म्हणाला, "बघतो की." त्यानं बघितलं ते असं, की महिन्याभरात मला नोटीस आली.

नोटीस कन्नडमध्ये. बोलण्यापुरतं कन्नड मला येतं, पण कचेरीचं कन्नड कचेरीलाच कळतं. मी ती घेऊन सरळ कल्लाप्पाकडंच गेलतो. त्यानं चष्मा लावून अक्षर न् अक्षर समजावलं. शेणखड्ड्यामुळं दुर्गंधी, डास, विहिरीचं पाणी दूषित, पाण्याच्या प्रदूषणाचा १९७४ चा कायदा. तक्रारदाराचं नाव आलं तिथं त्याला खोकला आला. पुढं म्हणाला, "कुणीतरी लई वाईट माणूस असणार बघा." मी मान हलवली आणि त्याच्याकडचा चहा पिऊन आलो.

मग नोटीस काढणाऱ्या कचेरीतले साहेब तपासणीला आले. पँट वर धरून त्यांनी गटार ओलांडलं (त्या दिवशी निळं होतं), नाकाला रुमाल लावला आणि आमच्या खड्ड्यात काठी घातली. मी गटाराकडं बोट दाखवलं. म्हणाले, "ते वेगळं प्रकरण. वेगळा अर्ज द्या." म्हटलं, देतो. म्हणाले, "कन्नडमध्ये द्या."

सुनावणीला मात्र मी सोडलं नाही अण्णा. टेबलावर हात आपटून म्हणालो, "साहेब, ज्या नाकाला शेण कळतं, त्याला रंगाचं तिखट पाणी कसं कळत न्हाय? एक खातं बांधा म्हणतंय, दुसरं बुजवा म्हणतंय, आणि मधे माझ्या बायकोचे डोळे जातात, ते कुठल्या कायद्यात बसतं?" साहेबांनी मान खाली घातली. शिपाईसुद्धा ऐकत उभा राहिला. तरी निकाल विरुद्ध लागला. आठ दिवसांत खड्डा बुजवणे.

बुजवला. माझ्या हातानं. माती कमी पडली तर कल्लाप्पानं शेजारधर्म म्हणून गाडीभर पाठवली. दुसऱ्या दिवशी मनूनं चूल पेटवली, फुंकणी घेतली, सगळा स्वयंपाक केला. संध्याकाळी पिशवी भरून तुमच्या उचगावच्या गाडीत बसली.

वहिनींना नमस्कार.

आपला,
जोतिबा

ता. क. : हे पत्र मनूला मोठ्यानं वाचून दाखवावं ही विनंती. सुनावणीचा भाग सावकाश वाचावा.

ता. क. २ : वाचू नका. तो भाग मी परतताना बसमध्ये मनातल्या मनात बोललो होतो. साहेबांसमोर मी तीन वेळा "होय साहेब" म्हणालो आणि सांगितलं तिथं सही केली. मनू दाराबाहेरच्या बाकावर बसली होती, आणि दार उघडं होतं. बाहेर आलो तर एवढंच म्हणाली, "तोंड शिवलं हुतं व्हय तुमचं?"

ता. क. ३ : अपिलाला अजून बारा दिवस आहेत. अर्ज एका ओळखीच्या मास्तरांकडून कन्नडमध्ये लिहून घेतलाय आणि खाली तिच्या सहीला जागा सोडलीय. तिला सांगा, या खेपेला साहेबांसमोर तिनं उभं राहायचं. बाकावर मी बसतो.