तुझ्यासाठी घेतलेली खिडकी

कांगेमी, नैरोबी
शुक्रवार, सकाळ

प्रिय नेकेसाताई,

तू बुंगोमाच्या बसने पाठवलेलं सामान मंगळवारी मिळालं, ते असं: भुईमुगाच्या शेंगा एक पिशवी, वाळवलेली बारीक मासळी दोन डबे, केळ्यांचा घड एक (वरची केळी गळून पडली असं कंडक्टर म्हणाला, पण सालं त्याच्या सीटखाली होती), कोंबडी एक, जिवंत, पण रुसलेली. बसचं भाडं दोनशे शिलिंग, कोंबडीचे वेगळे पन्नास (ती प्रवासी म्हणून आली की सामान म्हणून, हे पावतीवर नाही), स्टँडपासून हातगाडीचे साठ. गाडीवाला शंभर म्हणत होता. मी म्हटलं, बाबा रे, कोंबडी मी काखेत घेते, मग किती? तेव्हा साठावर आला. म्हणजे केळी गाडीवर आरामात आणि मागून मी आणि कोंबडी पायी, अशी आमची वरात घरी आली.

प्रभूच्या कृपेने इथे सगळे बरे आहेत. सिफुनाचे बाबा सिमेंटच्या गोदामात जातात, येतात, जेवतात आणि ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणतात. (काय सांगितलं होतं ते पुढे येईलच. खरं तर काहीच सांगितलं नव्हतं.) सिफुना मोंबासाला बंदरावर खुशाल आहे. माझा गुडघा तसाच. तुझे कान कसे आहेत? गेल्या रविवारी फोन केला तेव्हा तू नुसती ‘काय? काय?’ करत राहिलीस आणि मी इतकी ओरडले, की शेवटी शेजारच्या बिऱ्हाडातली बाई दारात येऊन म्हणाली, “सिफुनाच्या आई, तुमच्या बहिणीला काही कळलं नाही, पण आम्हाला सगळं कळलं हो!” म्हणून हे कागदावर. तू समोर असलीस की तुला कान लागतच नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत बसतेस आणि माझं वाक्य संपायच्या आत हसतेस. इथे सगळ्यांचे कान धड आहेत, पण तसं बघत कुणी बसत नाही गं.

तुझं मागचं पत्र बायबलात ठेवलंय. भावजी गेल्यापासून घर खायला उठतं हे तू लिहिलंस ते मला आधीच ठाऊक होतं. पण पुढे लिहिलंस, की पडद्यामागे झोपायचं माझं वय गेलं, दार असलेली खोली असेल तर नैरोबीला येते, नाहीतर ऑगस्टात दादाकडे कितालेला जाते, तो गाई सांभाळायला बोलावतोय. ताई, दादाच्या गाईंकडे गेलेलं माणूस परत आलेलं मी पाहिलेलं नाही. आत्या गेली ती तिथलीच झाली. दादा मनाने चांगला आहे, पण त्याच्याकडे संध्याकाळी बोलायचं ते गाईंशीच. आमची तर ही एक खोली, मधे पडदा. तेव्हा मी ठरवलं, ऑगस्टच्या आत दोन खोल्यांचं बिऱ्हाड बघायचं. दुसऱ्या खोलीला दार. दाराला आतून कडी.

आता एवढ्या गुडघ्यानिशी गल्ल्या कुठे तुडवणार? तर आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या खजिनदार बाई म्हणाल्या, हल्ली घर शोधायला चालायचं नसतं, फोनवर बोट फिरवायचं. मी फिरवलं. (डेटाचे वीस शिलिंग, किरकोळ खर्चात घातले.) आणि पहिल्याच संध्याकाळी ते घर दिसलं. दागोरेतीला, दोन खोल्या, फाटक, पुढे कोबीचा वाफा आणि आतल्या खोलीला निळ्या चौकटीची खिडकी, तिच्यातून जमिनीवर ऊन पडलेलं. भाडं म्हणशील तर आम्ही या एका खोलीला देतो त्याहून कमी! ताई, मी बाजारात टोमॅटो स्वस्त मिळाले तर उलटून खालची बाजू बघते, दाबून बघते, बाईला विचारते कालचे का गं? आणि घर स्वस्त मिळालं तर म्हटलं, प्रभूने प्रार्थना ऐकली.

खाली नंबर होता. मी मिस्ड कॉल दिला. (तुला माझी रीत माहीत आहे. एकदा वाजवायचं आणि ठेवून द्यायचं. ज्याला गरज आहे तो लावेल.) इतरांना मिस्ड कॉल दिला की तेही उलटा मिस्ड कॉल देतात, मग आपण देतो, असा दिवस जातो. या माणसाने लगेच फोन लावला! नाव म्हणाला ब्रदर एलकाना. मी म्हटलं, प्रभूची स्तुती असो. तो म्हणाला, आमेन भगिनी, आधी प्रार्थना करू, मग घराचं बोलू. आणि स्वतःच्या पैशाने, ताई, स्वतःच्या पैशाने त्याने माझ्या कुटुंबासाठी प्रार्थना केली. सिफुनासाठी केली, गुडघ्यासाठी केली, तुझ्या कानांसाठी वेगळी केली. मला हिशोबाची सवय, डोळे मिटूनसुद्धा त्याचे किती शिलिंग उडाले ते मोजत होते. जो माणूस परक्या बाईच्या गुडघ्यावर एवढा खर्च करतो तो चोर असेल असं मॅट्रिक झालेल्या कुठल्या बाईला वाटेल?

घर बघायला कधी येऊ विचारलं, तर म्हणाला, किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदाराच्या घरी मयत झालंय, तो गावी गेलाय. आता मयत म्हटल्यावर कोण तोंड उघडणार? आपल्यात मयत काय एका दिवसात उरकतं? पाहुणे येणार, बैल कापणार, भाषणं होणार, मग जमिनीवरून भांडणं होणार, तेव्हा कुठे माणसं पांगतात. तोवर घर अडवून ठेवायला अनामत पाठवा म्हणाला, दोन कुटुंबं मागे लागली आहेत, पण भगिनी, माझ्या मनाचा ओढा तुमच्याकडे आहे. मी महिन्याचं भाडं पाठवलं. आणि (हे सिफुनाच्या बाबांना अजून ठाऊक नाही) वर दोनशे शिलिंग मयताची वर्गणी पाठवली. कुणाच्या घरी मयत झालंय हे कळूनही हात आखडता घेतला तर रविवारी चर्चमध्ये कुठल्या तोंडाने बसू?

पैसे पाठवताना फोनवर घेणाऱ्याचं नाव येतं, तर तिथे एलकाना नव्हताच, कुणी रेहेमाबाई होती. मी लगेच मिस्ड कॉल दिला. त्याने लगेच लावला. म्हणाला, ती माझी पत्नी, घराचा पैसा मी हातात घेत नाही भगिनी, मोहाला जागा नको. मी फोन ठेवला आणि सिफुनाच्या बाबांना म्हटलं, “ऐकलंत? असेही पुरुष असतात.” ते म्हणाले, “असतील.” (हेच ते ‘सांगितलं होतं’.)

आता खरं सांगते, त्या दिवसांत मी इथे राहतच नव्हते. अंगाने इथे भांडी घासत होते, पण राहत होते त्या निळ्या खिडकीपाशी. फोटोवरून मोजून पडदा शिवला. तुझी खुर्ची कुठे ठेवायची, म्हणजे सकाळचं ऊन तुझ्या पाठीवर येईल आणि माझं तोंड तुला नीट दिसेल, हेही ठरवून झालं. भाजी निवडताना दोनदा तुझ्याशी बोलले आणि तू हसलीस.

मग ब्रदर म्हणाला, शनिवारी सामान घेऊन या, रखवालदार फाटकापाशी किल्ली देईल. शनिवारी हातगाडीवर पलंग, पेटारा आणि सिफुनाचे बाबा (त्यांना बसू नका म्हटलं तरी चढावर बसले) अशी निघाले. दागोरेतीला फाटकापाशी पोचते तो काय! तिथे आधीच तीन गाद्या, एक शेगडी, एक कपाट आणि एक नवी नवरी, हातावरची मेंदीही फिकी न झालेली, आपापल्या माणसांसह उभी. मला वाटलं कुणी घर सोडतंय. सगळ्यांना तेच वाटत होतं. गाडीवाला म्हणाला, “मावशी, एवढी माणसं दोन खोल्यांत मावायची नाहीत.”

तेवढ्यात कोबीच्या वाफ्यातून एक म्हातारी उठली. हातात पाण्याचा डबा, कमरेला सोगा खोचलेला. तिचं नाव गथोनीआजी. घर तिचं, तिने स्वतः बांधलेलं, आणि ते भाड्याने द्यायचं तिच्या स्वप्नातही नाही. नातीने कौतुकाने काढलेले घराचे फोटो कुणीतरी उचलले होते. आजी कडाडली, “पुन्हा आलात का? गेल्या शनिवारी पण आले होते! माझ्या घराला मी सोडून सगळे मालक!” मग नवरी रडायला लागली, आणि मग मी. आजीने डबा खाली ठेवला, म्हणाली, “रडायचं तर आत बसून रडा, कोबी तुडवू नका.”

आत तिने सगळ्यांना दूध घालून चहा दिला. चहावर एकेकाचं ऐकलं, तर सगळ्यांनी तोच ब्रदर, तीच प्रार्थना! आणि प्रत्येकाने मयताची वर्गणी दिलेली. मला रखवालदाराचा काका गेल्याचं सांगितलं होतं, गादीवाल्यांना मावशी, शेगडीवाल्या बाईला आजोबा, आणि नवरीकडून आईच्या नावाने घेतले. म्हणजे ज्या रखवालदाराला कुणी पाहिलं नाही त्याची अख्खी भावकी आम्ही सगळ्यांनी मिळून पुरली, आणि चांगल्या थाटात पुरली! हे ऐकून गथोनीआजी इतकी हसली की तिच्या बशीतला चहा सांडला, आणि मग आम्हीही हसलो, डोळे पुसत पुसत.

मग मला एक सुचलं. आमचे फोन तो उचलत नव्हता. मी आजीचा फोन मागितला आणि त्याला मिस्ड कॉल दिला. मेल्याने लगेच लावला! मी फोन मोठ्या आवाजावर ठेवून मधे टेबलावर ठेवला. “आमेन भगिनी, आधी प्रार्थना करू,” म्हणाला आणि सुरू झाला. काय सांगू, सुंदरच करतो गं. आम्ही सगळे माना खाली घालून ऐकत होतो. शेवट झाला आणि आम्ही सगळ्यांनी, गथोनीआजी धरून, एका सुरात म्हटलं, “आमेन!” त्याने पलीकडून मग हळूच विचारलं, “भगिनी, आपण… कितीजणी आहात?” शेगडीवाली ओरडली, “तुझ्या मयताला आलेत तेवढे!” आणि फोन बंद. तो नंबर पुन्हा लागला नाही. चौकीवर तक्रार दिली, हवालदाराने नाव, गाव, नंबर सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, पुढच्या वेळी पैसे द्यायच्या आधी विचारायला या. मी म्हटलं, साहेब, त्याआधी मला अक्कल येऊ दे.

पैसे गेले. ते खर्चाला ‘शिक्षण’ या सदराखाली लिहिलेत. पण ताई, आजीच्या घरात मी जिथे बसले होते ती तीच खिडकी होती. चौकट खरंच निळी आहे. ऊन खरंच येतं. तुझ्यासाठी घेतलेल्या खिडकीत बसून मी एकटीने चहा प्याले, आणि पैशांचं नाही, त्या उन्हाचं मला इतकं वाईट वाटलं की निघताना मी आजीला विचारलं, थोडं बसू का अजून? तिने बसू दिलं.

आता गुरुवारी मंडळात मी बायकांना सांगते: फोटोला भाडं देऊ नका. आधी आत जा, नळ सोडून बघा, भिंतीला हात लावा, शेजारणीला मालकाचं नाव विचारा आणि पैसे घेणाऱ्याचं नाव तेच आहे का बघा. घाई करील त्याला म्हणावं, दे त्या दुसऱ्या कुटुंबाला. आणि प्रार्थना फुकट मिळाली तर घ्यावी, पण पावती मागावी. काही झालं तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाच्या शब्दावर सामान बांधू नये. बायका मान हलवतात. खजिनदार बाई जरा कमी हलवतात.

तेव्हा ताई, मी आता घराचा नाद सोडलाय. देवाच्या मनात नसेल. तू खुशाल कितालेला जा, दादालाही सोबत होईल, गाईचं दूध मिळेल, हवा चांगली. माझी काळजी करू नकोस. मला सवय झाली आहे.

तुझी धाकटी,
नासिमियू

ता. क. वर लिहिलंय की नाद सोडला. ते सकाळी लिहिलं होतं. आत्ता आम्ही जाऊन आलो. इथल्याच मागच्या गल्लीत, चालत गेले, गुडघा दुखला. पिठाच्या गिरणीच्या मागे दोन खोल्या आहेत. मालक गिरणीवालाच, समोर उभा होता, पैसे त्याच्याच नावावर गेले, पावती घेतली. तुला फसवायचं नाही म्हणून सगळं लिहिते. खोली लहान आहे. खिडकी आहे पण समोर भिंत. पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी. सगळ्यावर पीठ बसतं, आठवड्याभरात आपण दोघी म्हाताऱ्या दिसू, म्हणजे आहोत त्याहून. गिरणी दिवसभर धडधडते. तुला ऐकू येणार नाही, मला येईल, पण मी काही बोलणार नाही. दाराला कडी आतून आहे. दार खाली घासतं, खांदा लावावा लागतो. पण दार आहे.

ता. क. २. फोटो पाठवत नाही. फोटोत चांगली दिसते.

ता. क. ३. पाहिल्याशिवाय कुणाच्या शब्दावर सामान बांधू नये, हे मंडळातल्या बायकांसाठी आहे. तू बांध. एक तारखेपासून खोली आपली आहे. दादाला मी लिहिते, रागावला तर माझ्यावर रागावेल. फक्त कोणत्या बसने निघतेस तेवढं हे पत्र घेऊन येणाऱ्या त्याच केळीखाऊ कंडक्टरबरोबर उलट बसने कळव.