शीलाच्या पायाला जमेल असा ब्रेक

८ मार्च २००९, रविवार

शीलाला सांगितलं — गाडीचा ब्रेक जड झालाय, घरीच दुरुस्त करतो. निम्मं खरं. ब्रेक गेली एकवीस वर्षं जडच आहे! उरलेलं निम्मं इथे लिहितो, म्हणजे कुठेतरी खरं बोललो असं होईल.

सोमवारी कल्याणच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. साखरेने उजव्या डोळ्याचा पडदा गेलाय, डावाही त्याच वाटेवर. "गाडी चालवायची नाही. आजपासून." मी गाडी घेऊनच गेलो होतो. येताना एका रिक्षाच्या मागेमागे वीसच्या स्पीडने अंबरनाथ गाठलं. पुन्हा असं करणार नाही.

पायलला नववा लागलाय. ती बदलापूरला, जावई मिलिंद कंपनीत शिफ्टवर. पोर म्हणते, "पपा, दवाखान्यात तुमच्याच गाडीतून जाणार." आता कोण नेणार? लायसन्स शीलाकडे आहे. पाच वर्षं कपाटात पडलंय.

ते का पडलंय तेही लिहितो. शिकून आल्यावर पहिल्याच रविवारी तिने सोसायटीच्या गेटला गाडी ठोकली. म्हणाली, "ब्रेक दाबलाच जात नाही हो." मी सगळ्यांसमोर बोललो — "तुझ्या पायात जोर नाही. गाडी तुझं काम नाही." तिने चावी माझ्या हातात ठेवली. पुन्हा मागितली नाही. जन्मभर कारखान्यात फिटर होतो, ब्रेक जड आहे हे मला कळत नव्हतं? कळत होतं. लाज वाटते.

१० मार्च

कॅम्प तीनला मुकेशभाईच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. ब्रेकला बूस्टर घेतला, पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा नवा मास्टर सिलिंडरही. बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो, पायाचा निम्मा जोर तोच लावतो. मुकेशभाई म्हणाला, "काका, लगाओ बिंदास. आंटी एक उंगली से ब्रेक मारेगी." मी आंटीचं नावही काढलं नव्हतं!

१५ मार्च, रविवार

बूस्टर बसला. बोल्ट दिसत नव्हते, पण बोटांना माहीत असतात.

शीला चहा घेऊन आली. "अहो, टॉर्च असा नाकाशी का धरलाय?"

"अंधार आहे."

सकाळचे अकरा वाजले होते.

२२ मार्च, रविवार

नवा पार्ट बसवला की पाइपात हवा शिरते. ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. हे काम दोघांचं. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून हवा काढायचा निपल सैल करायचा. पारदर्शक नळीतून ब्रेक ऑइल बाटलीत येतं, सोबत बुडबुडे. बुडबुडे थांबले की हवा संपली.

शीलाला स्टिअरिंगशी बसवलं. पाच वर्षांनी त्या बाजूला बसली. मी खालून सांगत होतो — दाब. धर. सोड. चारही चाकं झाली, तरी पेडल मऊच. मी चिडलो. "मी सांगायच्या आधी सोडतेस."

"नाही सोडत."

पुन्हा चारही चाकं. मी म्हटलं, "झालं, गेली सगळी हवा." तेव्हा ती उतरली आणि माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली.

"अहो, नळीत केवढे बुडबुडे आहेत."

मी बघितलं. मला नळी स्वच्छ दिसत होती. "हो, आहेत थोडे," म्हणालो.

तिने माझ्या हातातला पाना घेतला. "तुम्ही वर बसा. मी बघते." मग ती खालून सांगत राहिली — दाबा. धरा. सोडा. अगदी माझ्याच ठसक्यात. चौथ्या चाकाला पेडल घट्ट झालं.

जेवताना भाजीची वाटी तिने माझ्या डावीकडे ठेवली. रोज उजवीकडे असते.

२३ मार्च

डोळ्याचं सांगितलं. म्हणाली, "माहीत आहे. दोन महिने पेपर उघडता आणि पान उलटत नाही." पाच वर्षांपूर्वीच्या बोलण्याची माफीही मागितली. त्यावर म्हणाली, "ते तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात."

बरोबर आहे तिचं.

२९ मार्च, रविवार

कंपाउंडमध्ये सेक्रेटरी दौलतराव होते, पुतळाबाई पापड वाळत घालत होत्या, पोरंटोरं होती. मी मोठ्याने म्हणालो, "पाच वर्षांपूर्वी गेट वाकडं झालं, त्यात चूक माझ्या ब्रेकची होती. शीलाची नव्हती. मी उगाच बोललो."

दौलतराव म्हणाले, "बरं झालं बोललात. पण गेट अजून वाकडंच आहे."

शीलाने हात पुढे केला. मी चावी दिली. दोन फेऱ्या मारून तिने गाडी गेटाच्या वीतभर अलीकडे थांबवली. कशी हसली! पायलच्या बारशालाही अशी हसली नव्हती.

५ एप्रिल, रविवार

आज बदलापूरपर्यंत जाऊन आलो. तिने चालवली. मी रस्ताभर डाव्या सीटवर बसून जमिनीवर पाय आपटत होतो. पुलाच्या उतारावर म्हणाली, "तिकडे ब्रेक नाहीये. गप्प बसा."

११ एप्रिल

रेघ सापडत नाही. लिहितो ते एकावर एक जातंय बहुतेक.

१५ एप्रिल

अक्षर माझं, शीलाचं. हे सांगतायत, मी लिहितेय.

काल पायलला मुलगी झाली. चौदा एप्रिल, दवाखान्यापर्यंत रस्ताभर मिरवणुका, पावलोपावली ब्रेक. हे डाव्या सीटवर होते. एकदाही पाय आपटला नाही.

मागची पानं वाचू नकोस म्हणतायत. आठ मार्चचं पान मी त्याच संध्याकाळी वाचलं होतं.