जावळासाठी आणलेली नात

मी, नागूबाई बिराप्पा दुधभाते, वय ७१, राहणार अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव, राजीखुशीनं हे लिहून ठेवते. कुणाचा धाक नाही. दम लागतो, पण आजार छातीचा आहे, डोक्याचा न्हाय. मी सांगते आणि माझा भाऊ बंडप्पा लिहितो.

१. राहतं घर आणि विहिरीखालची दोन एकर जमीन मी माझ्या कष्टानं घेतली, माझ्याच नावावर आहे. ती नात करिश्मा हिला द्यावी. ती सज्ञान होईपर्यंत तिची आई, म्हणजे आयर्लंडात नर्स असलेली माझी सून ज्ञानेश्वरी, हिनं सांभाळावी. कागदपत्रांचं बंडप्पानं बघावं. त्यासाठी पोरीला इथं आणायची गरज नाही.

२. मुलगा शिवशंकर याला काही देऊ नये. पोर तीन वर्षांची असताना खंडोबाला जावळ काढतो म्हणून यानं तिला पंधरा दिवसांच्या बोलीवर आईपासून आणली. सुनेला सुट्टी मिळाली नव्हती. जावळ झालं. पोरीचं तुळतुळीत डोकं फोनवर बघून सून हसली. दुसऱ्या दिवशी यानं फोनच बंद केला आणि पोरीचा पासपोर्ट माझ्या ज्वारीच्या कणगीत दडवला. पोर रोज मम्मी मागायची. हा सांगायचा, "मम्मीनं टाकलं तुला." थू! माझ्या पोटचा आहे, तरी मला त्याची किळस येते. बंडप्पा म्हणाला, "अक्का, नाराजी लिहू का?" म्हटलं, "किळसच लिही."

३. तिकडच्या कोर्टानं पोर परत द्या म्हटलं. याचा वकील म्हणे, तो हुकूम इथं आपोआप लागू होत नाही. मग सून आली, इथल्या कोर्टात वर्षभर भांडली, तेव्हा लेकरू मिळालं. पासपोर्ट मी कणगीतून काढून तिच्या हातात दिला. "बापानं स्वतःची पोर आणली, त्यात चोरी कसली?" असं म्हणणाऱ्या भावकीनं माझ्या मातीला येऊ नये.

४. पाटल्या सुनेला द्याव्यात. शेळ्या शेजारीण हमिदाबीला. पोर कुणाच्या हातनं खात नव्हती, तेव्हा करडांपाशी बसवून तिनंच घास भरवले.

५. आता शिवशंकर सुनेला फोन करतो, "आईचं काही खरं नाही, पोरीला एकदा भेटव." मी आजारी आहे, हे खरं. पोरीला बघावं असं लई वाटतं, हेही खरं. तरी करिश्माला आणू नये. सून मायाळू आहे, मी गेल्याचं कळलं की पोरीला घेऊन निघेल. म्हणून माझ्या मरणाची खबर तिला तेरावा उरकल्यावरच द्यावी.

वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे.

नागूबाई बिराप्पा दुधभाते (डाव्या हाताचा अंगठा)

आमच्यासमोर अंगठा केला, साक्षीदार :
हरिबा मारुती देवकते, सही
पंचाक्षरी शिवलिंग स्वामी, सही

अणदूर, १९ जानेवारी २०२६