मुलगी पास

नौपाडा, रविवार, डिसेंबर १९५४

आज कल्याणचे पाहुणे मला बघून गेले. निघताना मुलाचे वडील बाबांना म्हणाले, "मुलगी पास!" तेव्हापासून डोकं फिरलंय. मॅट्रिक पास झाले ती अभ्यास करून. ऑफिसात बिल पास होतं साहेबांच्या सहीने. गाडीचा पास तर दर महिन्याला मीच काढते. पण हा पास कसला? पोहे दिले, सुईत दोरा ओवून दाखवला, झालं!

आणि तो मुलगा? मी विचारलं, आणखी चहा हवा का, तर वडिलांकडे बघत बसला. शेवटी वडीलच म्हणाले, "नको त्याला." साधा चहा!

आई शेजारी साखर द्यायला निघाली होती. तिला दारातच अडवलं. म्हटलं, "आई, मुलगा नापास. चहाचं उत्तरसुद्धा शेजारच्याचं बघून देतो."