तुमचे बंधुराज रोज सकाळी कुठे जातात

आदरणीय वन्सं,

वाकून नमस्कार (वाकून म्हणजे मनातल्या मनात, कमरेतून वाकायचं तर आधी तीन स्वेटर उतरवावे लागतील, आणि ते परत चढवायला तुमचे बंधुराज हाताशी नसतात. ते कुठे असतात, हाच या पत्राचा विषय आहे). तुमची तब्येत बरी असेलच, कारण फोनवर तुम्ही दरवेळी तसंच सांगता. गुडघे काय म्हणतात? माझे जागेवर आहेत असं धरून चालते. थंडीने त्यांची खबरबात लागत नाही.

आम्ही इकडे का आलो ते तुम्हाला माहीतच आहे. तिकडे संध्याकाळीसुद्धा भिंतीला पाठ टेकली की चटका बसायचा. उन्हाला कंटाळून माणसं उत्तरेकडे निघाली, माणसांमागे इमारती उठल्या, इमारतींमागे लिफ्ट आल्या आणि लिफ्टमागे पाने-पकडी घेऊन तुमचे बंधुराज. मला कुणी विचारलं नाही. (विचारलं होतं. मी नाही म्हणाले, ते ऐकलं नाही, म्हणजे विचारलं नाहीच.)

इथे भरवसा ठेवावा असं काहीच नाही. खिडक्यांना दोन-दोन काचा. एका काचेने भागतं तिथे दोन लावणारा माणूस काहीतरी लपवत असतो. भिंतीला लोखंडी फासळ्यांचा हीटर आहे, त्याच्या पोटात सारखी कुजबुज चालते. मी आता त्याच्यासमोर घरातलं काही बोलत नाही. घरमालक आपणहून दोन जाड रजया देऊन गेला. मागितल्या नव्हत्या! तेव्हापासून मी दाराला आतून खुर्ची लावून झोपते. सूर्याचंही तसंच, येतो, सही करतो, जेवणाच्या सुट्टीनंतर जागेवर सापडत नाही.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळलं नाही ते बंधुराजांचं वागणं. कामाची वेळ उलटली तरी अंथरूण न सोडणारा हा माणूस एकाएकी पहाटे उठून, दाढी करून, वेळेच्या कितीतरी आधी बाहेर पडायला लागला. लग्नातली सोडली तर इतकं मन लावून केलेली दाढी मी पाहिलेली नाही. संध्याकाळी परत येत तेव्हा गाल लाल, चेहरा खुशीत आणि पँट मागून ओली होऊन वाळलेली, पांढरट डाग धरलेली. मी विचारलं, तर म्हणाले, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं. आता वन्सं, तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंत, तुम्हीच सांगा, खड्ड्यातल्या पाण्याने माणूस पायाकडून भिजतो की बुडाकडून?

म्हणून गेल्या आठवड्यात एकदा ते बाहेर पडल्यावर मी दोन्ही काचा पुसून खिडकीला डोळा लावला. इमारतीच्या मागे अंगण आहे. तिथे तळमजल्यावरची गुलाबी टोपीवाली उभी होती. (पूर्वी इस्पितळात नर्स होती म्हणे. चेहऱ्यावर सदा हसू. तिला मी आल्या दिवसापासून ओळखून होते.) तुमचे बंधुराज तिच्यापाशी गेले आणि दोन्ही हात पुढे केले. तिने ते धरले. आणि दोघं हात हातात घालून, पाऊल पाऊल, नवरदेव-नवरीसारखी चालायला लागली!

वन्सं, माझ्या अंगात त्या घटकेला जी ऊब आली ती या हिवाळ्यात पहिलीच. पायांत घरातल्या सपाता तशाच ठेवून कोट चढवला आणि खाली उतरले. काय बोलायचं ते जिन्यातच जुळवलं होतं, आणि ते फार चांगलं जुळलं होतं. दार ढकलून अंगणात पहिलं पाऊल टाकलं आणि पाय आकाशाकडे गेले. बर्फ झाला होता हो सगळ्या अंगणाचा! मी बसल्या बैठकीला घसरत निघाले, ती थेट त्या दोघांच्या पायांत. दोघंही माझ्यावर. जुळवलेल्यातला एक शब्द तोंडातून निघाला असेल तर शपथ.

आधी टोपीवाली उठली. ती इकडची भाषा आमच्यासाठी लहान मुलाला घास भरवावा तशी सावकाश बोलते. म्हणाली, "तुम्ही छान पडता. हात टेकला नाहीत. हे अजून टेकतात."

"अजून म्हणजे?" मी विचारलं.

बंधुराज बर्फावर बसूनच होते. म्हणाले, "मी आल्या आल्याच पडलो होतो. कामाच्या दारात, सगळ्यांसमोर. मनगट सुजलं होतं. तेव्हापासून या मला बर्फावर चालायला शिकवतात. तुला कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, चला परत."

म्हणाले असते, खरंच. माझी एक बॅग अजून मी उघडलेली नाही. पण ते तसे बर्फात बसलेले, टोपी तिरकी, आणि मला विचारत होते, "परत जायचं कुठे गं?" मीही तिथेच बसून राहिले. तुमच्या भावजयीला उत्तर न सुचल्याचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा जपून ठेवा.

आता रोज सकाळी आम्ही तिघं चालतो. गुडघे सैल, पावलं छोटी, भार पुढच्या पायावर. ती एक पैसा घेत नाही. मी अजून लक्ष ठेवून आहे.

तुमची,
भावजय

ता. क. ते पडल्याचं मी कळवलं हे त्यांना कळू देऊ नका.

दुसरा ता. क. टोपीवाली फुकट का शिकवते ते काल कळलं. तिची थोरली बहीण दक्षिणेत एकटी राहायची. ही रोज फोन करायची, ती रोज म्हणायची, मी ठीक आहे. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी फोन उचललाच गेला नाही. तेव्हापासून इमारतीत नवीन कुणी आलं की ही बाई आधी त्याच्या दारात जाऊन उभी राहते. वन्सं, तुमच्या शेजारच्या शिंपिणीने मला सगळं सांगितलंय. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही दुपारभर न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडून असायच्या, आणि संध्याकाळी आम्हाला फोनवर ठीक असायच्या. माझा संशयी स्वभाव तुम्ही चारचौघांत काढता ना? मग तुमच्या 'ठीक'वर माझा काडीचा विश्वास नाही.

तिसरा ता. क. इकडच्या घरात एक उन्हाची खोली आहे. तिथे मी कुणाला काही ठेवू देत नाही. विचारलं तर कपडे वाळवायला लागते म्हणते. उन्हं तापायच्या आत निघा. इथल्या लोकांना टोमणे कळत नाहीत, माझे सगळे वाया जातात. गाडी कोणती ते कळवा. नाही कळवलंत तर मी स्वतः न्यायला येईन, आणि मग येताना अख्खा प्रवास माझ्या शेजारी बसून करावा लागेल, याचा विचार करा.