घरात शिरलेली सुचेता

१ जुलै, दुपारी चार

सिंधू, परवा फोन तू केलास आणि मलाच विचारलंस, काय काम काढलंस गं ताई? म्हणून तुला तोंडी सांगणं बंद. आता लिहून ठेवणार. म्हणजे मी बोलणार, शेजारचे दत्तूभाऊ लिहिणार. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं त्यांनी आवक-जावक सांभाळली. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला सगळ्यांचीच अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात.

मला काही झालं तर ही वही नागपूरला तुझ्याकडे येईल. ती तू पोलिसात द्यायचीस. कुठे ठेवलीस ते विसरलीस तर मी फुकट मेले असं समज.

झालंय असं की, गौरांगला सांभाळायला बाई ठेवली. सव्वा वर्षाचा नातू, सून रसिकाची रजा संपली. मी घरात असताना बाई कशाला, असं विचारलं तर शैलेंद्र म्हणाला, आई, तुझे गुडघे. माझ्या गुडघ्यांबद्दल या घरात माझ्यापेक्षा बाकीचेच जास्त बोलतात.

बाईचं नाव सुचेता. मुलताईकडची, पस्तिशीची, मराठी बोलते. गोड बोलते. फारच गोड.

निश्चय: आठ दिवसांत तिचं खरं रूप बाहेर काढणार.

३ जुलै, दुपारी चार

टीव्हीवर असले सिनेमे मी अकरा बघितलेत. बाई येते, गोड बोलते, बाळ तिला चिकटतं. मग गोळ्यांच्या डब्या बदलतात आणि म्हातारी जिन्यावरून पडते. पहिली म्हातारीच जाते. कारण तिला कळलेलं असतं आणि तिचं कोणी ऐकत नाही. आमचा तळमजला आहे, जिना नाही. पण मोरीची पायरी आहे.

सुचेता आधी इथेच भोपाळात, चार इमलीच्या सरकारी बंगल्यांत, मोठ्या साहेबांकडे होती. बंगला सोडून आनंद नगरच्या दोन खोल्यांत कोण कशाला येईल? बदला घ्यायला. शैलेंद्रला विचारलं, गोविंदपुऱ्याच्या कारखान्यातून कुणाच्या नवऱ्याला काढलंस का रे? म्हणाला, आई, माझ्याने तिथला चहावाला बदलवत नाही. रसिका म्हणाली, साहेबांची इंदूरला बदली झाली. उत्तर तयारच होतं. सिनेमातही असतं.

तिची एक निळी पिशवी आहे. चेन कायम बंद. उद्या आत बघणार.

४ जुलै, दुपारी चार

पिशवी आज जेवणाच्या टेबलावर. चेन सताड उघडी. डबा, छत्री, कंगवा, बसचा पास. वर म्हणते, आजी, चष्मा आणून देऊ का, नीट दिसेल.

तिला कळलं कसं? मी फक्त दत्तूभाऊंजवळ बोलले होते, आणि ते म्हणजे भिंत. लिहिताना मानसुद्धा वर करत नाहीत. कागद, काळा कागद, पुन्हा कागद अशी चळत लावतात आणि दाबून लिहितात. जुनी सवय म्हणे. असू दे.

७ जुलै, दुपारी चार

सकाळचा चहा कडवट लागला. नक्की काहीतरी घातलं. उद्यापासून तिच्या हातचा चहा कुंडीत ओतणार. तुळस वाळली तर पुरावा.

८ जुलै, दुपारी चार

सिंधू, अंगावर काटा आला. चहा आणला, माझ्यासमोर बशीत ओतला, घोटभर प्यायली आणि म्हणाली, घ्या आजी, मी अजून उभी आहे. तुळशीला गार पाणीच बरं, चहा तिला सोसायचा नाही.

मनातलं ओळखते. सातव्या सिनेमातली ओळखायची, पण तिने घरात यंत्रं लावली होती. आज पलंगाखाली यंत्र शोधलं. गौरांगचा मोजा सापडला.

चहा प्यायले. वाया कशाला घालवायचा.

१० जुलै, दुपारी पाच

आजचा बेत पक्का होता. दोन वाजता आरामखुर्चीत झोपेचं सोंग घ्यायचं, एक डोळा किलकिला ठेवायचा आणि रंगेहाथ पकडायचं.

पावणेपाचला जाग आली. अंगावर शाल, गुडघ्याखाली उशी. म्हणजे माझी दुखरी जागा तिने हेरून ठेवलीय. दत्तूभाऊ तासभर बाहेर बसून होते. त्यांना चहा कुणी दिला? तिनेच. ते तिच्या बाजूचे होतायत की काय, हेही लिहा म्हटलं. लिहिलं.

११ जुलै, दुपारी चार

आज विनोद नाही.

गौरांग उंबऱ्याला अडखळून पडला. मी जवळच बसलेले. दोन्ही हात पुढे केले, ये रे राजा. त्याने माझ्याकडे बघितलं, पाटावर चढावं तसा माझ्या मांडीवर चढला, पलीकडे उतरला आणि रडत सुचेताकडे गेला.

सव्वा वर्ष माझ्या मांडीवर झोपलेलं पोर.

रागाने नाही, सावधगिरी म्हणून सांगते. तिला स्वतःचं मूल नाही. अशा बाईची नजर दुसऱ्याच्या मुलावरच असणार. लिहा. दत्तूभाऊंनी पेन उचललं. कमलवहिनी, एवढं राहू द्या, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही बाबू आहात की न्यायाधीश? बोलते तसं लिहा. लिहिलं.

१४ जुलै, सकाळी दहा

सुचेता आली नाही. फोन नाही, निरोप नाही. पळाली! दत्तूभाऊंना मुद्दाम लवकर बोलावलं. मोठ्या अक्षरात लिहा म्हटलं, कमल जिंकली. रसिका रजा टाकत होती. मी म्हटलं, जा तू, तीन मुलं वाढवलीत मी.

दुपारी बारा. गौरांग पलंगाखाली. मी पलंगाबाहेर. बोलणी चालू आहेत.

दुपारी दोन. खिचडी भिंतीवर. दत्तूभाऊ डाव्या हाताने खुळखुळा वाजवत उजव्या हाताने लिहितायत.

दुपारी तीन. पोर दारापाशी जाऊन बसलंय. दार वाजलं की टाळ्या वाजवतं. दार वाऱ्याने वाजतंय.

१५ जुलै, दुपारी चार

आजही आली नाही. शैलेंद्रने फोन केला तर म्हणाली, आजींना विचारा. मी म्हटलं, मी काय केलं? मग शैलेंद्रने कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला आणि वाचायला लागला. पिशवी. चहा. तुळस. माझंच बोलणं, शब्द न् शब्द!

दत्तूभाऊंना विचारलं. शांतपणे म्हणाले, प्रतिलिपि, वहिनी. कागदात ज्यांचा उल्लेख, त्या सगळ्यांना प्रत जाते. एक शैलेंद्रला, एक सूनबाईंना, एक सुचेताला, सूचनार्थ एवं आवश्यक कार्यवाही हेतु. खाली रोज लिहितो की. प्रत दिल्याशिवाय कागद पुढे सरकवणं त्यांना बत्तीस वर्षांत जमलं नाही, आता कसं जमावं? मला वाचता येत नाही हे त्यांना माहीत, पण नियम माहीत नसेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

रसिका म्हणाली, आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दाम सगळ्यांना पाठवता, गंमत म्हणून. ऑफिसात डब्याच्या वेळी वाचायचे मी. सुचेताही रोज हसायची. शुक्रवारी प्रत वाचली आणि घडी घालून पिशवीत ठेवली.

मग रसिकाने हळूच सांगितलं. सुचेताला दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा राहिलं नाही.

मी सिनेमे अकरा बघितले, सिंधू. पण बाईला तिचं तिचं काही विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.

१६ जुलै, सकाळी नऊ

आजची पहिली प्रत सुचेताला.

सुचेता, ते वाक्य माझं. दत्तूभाऊ अडवत होते. गौरांगने मला ओलांडलं त्याचा राग तुझ्यावर काढला. तुझ्याबद्दल मला काहीही माहीत नव्हतं आणि तरी मी बोलले. चुकले. हा शब्द मी नवऱ्यापुढे कधी काढला नाही, सासूपुढे तर नाहीच. पोरगं दाराशी बसून असतं. माझ्यासाठी येऊ नकोस, त्याच्यासाठी ये.

दत्तूभाऊ स्वतः स्कूटरवरून देऊन आले. पोच म्हणून तिची सही घेतली. सहीखाली तिने शेरा मारलाय: वाचले. विचार करते.

साहेबांच्या घरी राहिलेली बाई. शेरा बरोबर मारला.

१८ जुलै, दुपारी पाच

आली. माफ केलं असं म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. गौरांग तिला बिलगला तो तासभर सुटला नाही. त्याच्या लेखी मी भिंतीवरचं कॅलेंडर.

तो झोपल्यावर मी बारावा सिनेमा लावला. सुचेता शेजारी येऊन बसली. अर्ध्यातच म्हणाली, आजी, बाईवर कशाला नजर ठेवता, त्या सासूकडे बघा. मी म्हटलं, बावन्न वर्षं संसार केलाय, मला माणूस कळतं, सासू देवमाणूस आहे.

सासूच निघाली. गोळ्या, यंत्रं, सगळं तिचंच.

सुचेताने माझ्या गुडघ्याखालची उशी सरळ केली आणि चहा टाकायला गेली. दत्तूभाऊ खाली मान घालून लिहितायत, पण खांदे हलतायत त्यांचे.

नजर मी ठेवणारच. फक्त आता शेजारी बसून.

सिंधू, पोलिसांकडे जाऊ नकोस. उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया पाठव, सुचेता म्हणते तिच्या आईनंतर घरच्या खाल्ल्या नाहीत. संत्रा बर्फी नको, ती इथेही मिळते. सांडगी मिरची मूठभर जास्त घाल. आणि कुरडयांच्या थरांमध्ये जुनं लुगडं फाडून घाल, नाहीतर भोपाळपर्यंत नुसता चुरा पोचेल.